सेनापतीच्या तोंडचं वाक्य

—हाताची चूक, मॅडम, दुसरं काय! ऑफिसने जबाब घ्यायला पाठवलंय ना तुम्हाला, लिहून घ्या. सव्वीस वर्षं या कॉमिकच्या चौकटींत हाताने अक्षरं घालतोय, एकदा चुकलो तर काय आभाळ कोसळलं? लेखक लिहितो, चित्रकार काढतो, पण सेनापतीला बोलतं कोण करतं? मी. तो लोखंडी राक्षस दर अंकात जग गिळायला निघतो आणि बत्तिसाव्या पानावर मार खातो, पण बोलतो कसा रुबाबात! माणसांच्या बोलण्याचे फुगे गोल, यंत्रांचे चौकोनी, आणि सेनापतीच्या चौकोनाला दुहेरी रेघ — ती रेघ माझी कल्पना, विचारा ऑफिसात कुणालाही.

हो हो, मुद्द्यावरच येतोय. पान एकोणीस. उपसेनापती पुन्हा फितूर झालाय, मान खाली घालून उभा आहे, लेखकाने लिहिलंय, "चालता हो! पुन्हा तोंड दाखवू नकोस!" आणि छापून आलं, "थांब. जेवून जा." कबूल. यंत्रं जेवत नाहीत, तेही कबूल — सेनापतीला तर तोंडच नाही, नुसती जाळी आहे. मुलांची पत्रं आली असतील ना, सेनापती काय जेवतो म्हणून? बघा, हसलात! खेळणीवाल्यांची तक्रारही रास्त आहे — खेळण्याच्या छातीवरचं बटण दाबलं की सेनापती "चालता हो" म्हणून गरजतो, आणि पुस्तकात पानं वाढतो. हा बघा, माझ्याकडेही आहे एक. दाबा ना. नको? बरं, मीही हल्ली दाबत नाही.

कशी झाली? अहो, भूक लागली असेल. नाहीतर आमची ही आतून जेवायला हाक मारत असेल, कानातलं हातात उतरलं — होतं असं आमच्या धंद्यात. घरच्या कशाशी संबंध नाही त्याचा. घरचं काय असणार? आमचे चिरंजीव घर सोडून गेले त्याला सात वर्षं झाली — भांडण कसलं, जेवता जेवता म्हणाला, बाबा, तुमचा हात थरथरतो, मी तुमच्या अक्षराचा फॉन्ट बनवलाय, आता कॉम्प्युटर लिहील, तुम्ही आराम करा. मी! आराम! मग मी म्हणालो — काय म्हणालो ते जाऊ द्या, रोज सेनापतीचं तेच लिहिणारा माणूस, दुसरं काय येणार तोंडात? अर्ध्या ताटावरून उठला पोरगा. आणि गंमत सांगू, फॉन्ट चांगला होता हो. मागाहून पाहिला. दुहेरी रेघसुद्धा घातली होती गाढवाने.

आईशी बोलतो तो, फोनवर. एवढा घोडा झाला तरी अंक दर महिन्याला विकत घेतो म्हणे. मला फोन करायला काय होतं? काय म्हणालात — मला काय होतं? अहो, मी फोन हातात घेतो, ठेवतो. घेतो, ठेवतो. मला समोर कागद लागतो, मॅडम. अंक येऊन सत्तावीस दिवस झाले. तिकडे उशिरा पोचत असेल.

आणा तो कागद. 'अनवधानाने' — छान, सही करतो, नोकरी राहिली म्हणजे झालं. आणि हे खाली काय? पुढच्या अंकात दुरुस्ती? पहिल्याच पानावर? "गेल्या अंकात चुकीचं वाक्य छापलं गेलं, सेनापतीचं खरं वाक्य पुढीलप्रमाणे वाचावं" — आणि ते मी लिहायचं? माझ्या अक्षरात?

नाही जमणार. अहो, तो वाचेल ना! जेवून जा म्हणालो ती चूक, आणि खरं काय, तर ते! खोडा ते 'अनवधानाने'. लिहा, मुद्दाम केलं. आधी पेन्सिलीने लिहून पाहिलं, तीनदा, मग शाईने केलं. काढा कामावरून. कॉम्प्युटरवर करून घ्याल? घ्या. छापणारच तुम्ही ते, दिसतंय मला. कधी निघतो अंक — पाच तारखेला? म्हणजे चार दिवस.

उठा आता. नाही, चहा वगैरे नाही, उठा, मला फोन करायचाय. अगं, ऐकलंस का, त्याचा नंबर सांग — हो, मीच, मीच बोलणार आहे! मॅडम, तुम्ही अजून इथेच? दार ओढून घ्या.