स्क्रूवरचा ओरखडा

मी, घड्याळवाले काका म्हणून ओळखला जाणारा, वय ६८ वर्षे, व्यवसाय घड्याळदुरुस्ती, राहणार बाजारामागच्या गल्लीत दुकानाच्याच माळ्यावर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, सोमवारी मी येथे दिलेली तक्रार खोटी आहे. ते दुरुस्त करण्यासाठी मी आज आपणहून आलो आहे.

माझ्या पत्नीला सहा वर्षांपासून कमी ऐकू येते. या महिन्याच्या चार तारखेला आम्ही चौकातल्या दुकानातून श्रवणयंत्र घेतले. वॉरंटी एक वर्षाची. पहिल्याच दिवशी ती खाली येऊन म्हणाली, "अहो, ही सगळी घड्याळं एवढी बडबडतात? तुमचं डोकं कसं उठत नाही?" नवव्या दिवशी यंत्र बंद पडले. सेल बदलूनही चालेना.

ते तसेच उचलून दुकानदाराकडे न्यायला हवे होते. पण बंद पडलेली वस्तू दुसऱ्याकडे नेण्याची मला चाळीस वर्षांत सवय नाही. दुपारी पत्नी वर झोपली असता मी डोळ्याला भिंग लावून यंत्र उघडले. स्क्रू फिरवताना पेचकस एकदा खाचेतून निसटला. काही जमले नाही, तसेच बंद केले. हे मी कोणालाही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "काका, हे उघडलंय कुणीतरी. वॉरंटी गेली." मी म्हणालो, "आम्ही हातही लावला नाही." पत्नी आमच्या ओठांकडे पाहत होती. ती त्याला म्हणाली, "इतकी वर्षं बघतेय, हे खोटं बोलत नाहीत." तेव्हा तरी मी गप्प बसायचे. उलट मी त्याला गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालो आणि येथे येऊन फसवणुकीची तक्रार दिली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

काल हवालदारांनी आम्हाला समोरासमोर बसवले. दुकानदाराने भिंग माझ्या हातात दिले. स्क्रूच्या खाचेबाहेर ओरखडा होता. दुसऱ्याच्या कामात तो दिसता तर मी हसलो असतो.

हवालदारांनी समजावले की, वॉरंटीचा वाद पोलिसांकडे येत नाही. बिल व वॉरंटी कार्ड जोडून दुकानदाराला आणि कंपनीला लेखी नोटीस द्यावी. दाद न मिळाल्यास ग्राहक आयोगात जावे, तिथे वकील लागतोच असे नाही. यंत्र आधीच बंद पडले होते हे लिहावे, पण उघडल्याचे लपवू नये. म्हणजे सरळ नेले असते तर वादच नव्हता. तिचा हक्क मी माझ्याच हाताने अडचणीत आणला, याचे मला फार वाईट वाटते.

दुकानदाराची मी माफी मागितली आहे. तक्रार मागे घेतो. काल घरी पत्नीला हे सगळे दोनदा सांगितले. तिने मान हलवली. तिला किती ऐकू गेले ते मला माहीत नाही.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. माझ्या विनंतीवरून तो बाहेर बाकावर बसलेल्या पत्नीसही वाचायला दिला. तिने एक दुरुस्ती सांगितली, ती तिच्याच शब्दांत लिहून घेतली आहे: "त्या दुपारी मी झोपले नव्हते. जिन्यातून बघत होते."