ओव्याच्या तेलाचे चार महिने

वसंतकाका, नीना आणि जमलेले सर्वजण,

एवढ्या बर्फातून तुम्ही आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलं आहे. अडखळलो तर सांभाळून घ्या.

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये मालतीकाकूंच्या मक्याच्या बरण्या उघडत होतो. दहा बरण्या. प्रत्येकीत ओव्याचं तेल घातलेलं. त्या दिवशी सहा महिने पूर्ण होत होते. शेवटची बरणी पाहून झाली आणि वसंतकाकांचा फोन आला. काकू पहाटे झोपेतच गेल्या.

मी बारावी नापास. चौऱ्याऐंशी साली इथे ॲन आर्बरला भावाकडे आलो, तेव्हा काकूंनी मला बरण्या धुवायला आणि लेबलं लिहायला ठेवलं. साठवलेल्या धान्याला बुरशी लागू नये म्हणून त्या वनस्पतींची तेलं वापरून बघायच्या. लवंग, गवती चहा, मग ओवा. ओव्याचा वास पिझ्झावरच्या ओरेगानोसारखा, असा सुटायचा की सफाईला येणारा अमेरिकन रोज विचारायचा, "पिझ्झा कुठे आहे?" काकू म्हणायच्या, "संपला. उद्या लवकर ये."

पहिल्याच मोजणीत मी एक डागाळलेला दाणा चांगल्यात धरला. त्यांना बरं वाटावं म्हणून. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "मला खूश ठेवायला घरी नवरा आहे. तू नुसतं मोज."

वसंतकाका, तुम्ही हसलात. बरं वाटलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. आज इथे तिघांनी म्हटलं, काकूंच्या तेलाने धान्य सहा महिने टिकतं. दारातल्या पत्रकातही तेच आहे. देशपांडेकाकांनी फार प्रेमाने ते टाइप करून घेतलं. उद्या ती पत्रकं तिकडे महाराष्ट्रात, गावोगावच्या शेतकरी सोसायट्यांना पोस्टाने जाणार आहेत. पण सहा महिने हा काकूंच्या फायलीतला अंदाज होता. चार महिन्यांनी सगळ्या बरण्या स्वच्छ होत्या, हे खरं. मंगळवारी दहांपैकी तीन बरण्यांत बुरशी होती. फोन ठेवल्यावर मी पुन्हा मोजल्या. तीनच.

काल मी हे देशपांडेकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "अरे, माणूस गेलंय. आज काय बरण्या घेऊन बसतोस?" त्यांचंही बरोबर आहे. पण पत्रक वाचून कोणी सहा महिने मका ठेवला आणि त्याची भाकरी मुलांना घातली, तर? बुरशीचं विष धुऊन जात नाही, भाजूनही जात नाही. हे मला काकूंनीच सांगितलं होतं.

यामुळे काकूंचं काम लहान झालं का? चार महिने, तेही स्वयंपाकघरातल्या ओव्यावर. मला ते पुष्कळ वाटतं. मघाशी नीनाला विचारलं, बोलू का? ती म्हणाली, "जस्ट टेल देम. आईनेही सांगितलं असतं."

आता आपण काकूंसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या. नंतर ज्यांना जमेल त्यांनी थोडं थांबा. दोनशे पत्रकं आहेत. सहा खोडून चार लिहायचं आहे. पेनं मी आणली आहेत.