शिलाई मशीनवरचा दिवा

लेक : बाबा, दातांनी नका ना तोडू! तार आहे ती, दोरा नाही.

बाबा : काय?

लेक : तार! दातांनी नको!

बाबा : चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. दर टाक्याला कात्री शोधत बसलो असतो तर गिऱ्हाइकं उघडी फिरली असती. आणि तोंड इकडे करून बोल. ओरडलीस की तुझ्या खांद्यावरची ही चिमणी पोर दचकते.

लेक : बरं, बघा इकडे. हा बोर्ड म्हणजे डोकं. हा सेन्सर म्हणजे कान. कान पाळण्याला बांधायचा, दिवा तुमच्या मशीनवर. चिमणी रडली की दिवा लागणार.

बाबा : म्हणजे आजोबाला नवा कान शिवायचा.

लेक : तीनच टाके. लाल, काळी, पिवळी.

बाबा : आणि नाही लागला, तर सोमवारपासून ही पाळणाघरात. मग माझ्यापाशीच ठेवायचा हट्ट करायचा नाहीस.

लेक : परवाचं अजून धरून बसलात? मी विसरलेसुद्धा.

बाबा : तू विसरलीस. अर्धा तास रडत होती गं ती. मी भिंतीपलीकडे काजं करत बसलेलो. तू आलीस तेव्हा तिचा आवाज बसला होता.

लेक : जोडा आधी.

बाबा : खोचल्या तिन्ही. कर चालू.

लेक : टेबल वाजवते हं... अंहं. नाही लागत.

बाबा : बघ. कानच तो. माझ्यावर गेला.

लेक : थांबा, पिन काढते. अहो बाबा! सेन्सर पालथा धरून जोडलात. अक्षरं खाली गेली. लाल पिवळीच्या जागी, पिवळी लालच्या!

बाबा : मग? शिंपी काम उलट्या बाजूनंच बघतो. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची.

लेक : उसवा आता.

बाबा : उसवायची लाज कसली? उसवल्याशिवाय कोण शिंपी झालाय... हं. खोचल्या. वाजव.

लेक : लागला! बाबा, लागला!

बाबा : दिसतोय. ओरडू नकोस. आण तिला इकडे, मी निजवतो. कानही बांधतो पाळण्याला.

(थोड्या वेळानं, आतल्या खोलीच्या दारात.)

लेक : बाबा.

बाबा : तोंड इकडे.

लेक : बाहेर दिवा सारखा लागतोय. विझतो, परत लागतो.

बाबा : पण ही तर गाढ झोपलीय! ओठसुद्धा हलत नाही. म्हणजे बिघडलं. मी म्हणत नव्हतो?

लेक : बिघडलं नाही. तुम्ही गाताय.

बाबा : मी? छे. मनातल्या मनात म्हणत होतो.

लेक : मशीनपर्यंत ऐकू येत होतं.

बाबा : ...सुरात होतं?

लेक : अजिबात नाही.

बाबा : तरी झोपली?

लेक : तरी झोपली. लहानपणी मीही अशीच झोपायचे.

बाबा : मग त्या कानाचा निळा स्क्रू जरा सैल कर, कमी ऐकू दे त्याला. नाहीतर माझ्याच आवाजाला मी धावत येईन.

लेक : धावाल कुठून? गाताना तुम्ही तिच्यापाशीच असणार ना? राहू दे तसाच.

बाबा : राहू दे म्हणतेस?

लेक : सोमवारी नऊला निघते मी. पाळणाघराला नको म्हणून कळवते. चिमणी तुमच्यापाशी राहील.

बाबा : काय म्हणालीस?

लेक : तोंड इकडेच होतं, बाबा. कळलंय तुम्हाला.

बाबा : कळलं गं. तरी परत सांग.