फोटोला हार

सत्त्याऐंशीची दिवाळी तोंडावर आलेली. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या मिठाईच्या रांगेत रुपालीच्या पुढे दोन मराठी बायका होत्या.

"फॅमिली रूममध्ये ह्यांचा मँचेस्टर युनायटेड फुटबॉल टीमचा जुना फोटो आहे ना, त्याला सासूबाईंनी हार घातला!"

"अगं बाई! जिवंत माणसांना?"

"मीही तेच म्हटलं. तर हे म्हणाले, त्यातले आठ जण खरंच गेलेत. अठ्ठावन्न साली, प्लेन क्रॅशमध्ये. एडवर्ड्स तर एकवीस वर्षांचा होता."

"मग राहू दिलास हार?"

"छे, चार्ल्टन वगैरे वाचलेत ना! सासूबाईंनी हार काढला आणि फ्रेमला आठ फुलं खोचली."

"आणि चार्ल्टनला?"

"निरांजन लावून ओवाळलं. म्हणाल्या, मित्रांच्या वाटचंही जगायचंय पोराला."

"पोराला? पन्नाशीचा असेल की तो!"

"असेल. आमच्या भिंतीवर विशीतलाच आहे."