बाबांचा पंखा

परक्या देशात वीज गेली की सगळे मोबाइल चार्ज करायला जनरेटरवाल्या एकाच दुकानात. दुपारच्या त्या रांगेत माझ्यापुढचं नवराबायकोचं जोडपं मराठी निघालं.

"आईशी बोललीस?"

"बोलले. बाबांची तक्रार करत होत्या."

"आता काय केलं त्यांनी?"

"इथे आपली वीज गेली असं कळलं की तिकडे घरी तेही पंखा बंद करून बसतात."

"एवढ्या उकाड्यात?"

"विचारलं तर म्हणतात, बटण बिघडलंय."

"वेडेच आहेत."

"तुझ्यावर गेलेत."

"काल किती वेळ बसले?"

"आपली येईपर्यंत. सहा तास."

"फोन दे. किती चार्ज उरलाय?"

"दोन टक्के."

"पुरे. हॅलो, बाबा? हो, आत्ताच आली वीज. बघा बरं, तुमचं बटण चालतंय का."