इटालियनमध्ये घेतलेलं नाव

"माझं नाव घेतलंस? व्याह्यांसमोर?" आमच्या ह्यांनी कपबशी आपटली.

"मराठीत कुठं घेतलं? इटालियनमदी घेतलं!"

"नाव तर माझंच व्हतं न्हवं!"

त्याचं असं झालं, इटलीत असलेल्या नातीनं तिथलाच मुलगा पसंत केला. त्याच्या आईबापांशी बोलायचं म्हणून मी मोबाईलवर धडे बघून इटालियन शिकले. सोनो म्हणजे मी आहे, सेई म्हणजे तू आहेस. व्हिडिओ कॉलवर ह्यांच्याकडं बोट करून ठणकावून सांगितलं, "लुई ए दत्तात्रय." हे दत्तात्रय आहेत. एरवी ह्यांचं नाव मी फक्त लग्नातल्या उखाण्यात घेतलेलं. अख्ख्या माधवनगरला ठाऊक आहे.

"रविवारी लग्नाची बोलणी हायत, पर म्या त्या फोनम्होरं बसणार न्हाई!"

"आजोबा, इकडं नावानंच ओळख करून देतात हो," नात फोनवरून रडकुंडीला आली.

"मग निदान उखाण्यात तरी घ्यायचं!"

"आवं, उखाण्याचा धडा अजून आला न्हाई!"

तरी हे ऐकेनात. मग मात्र मी म्हणाले, "जल्मभर मला 'आगं, आगं' म्हणत आलाय, तवा रविवारी तुमीच म्हणा 'लेई ए', म्हंजी 'ही आहे', आन् पुढं माझं नाव लावा, आठवत आसलं तर!"