बारा वर्षं थांबायला हवं होतं

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय वकीलसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, हेडमास्तर, शिक्षकवर्ग, भोरमधील प्रतिष्ठित नागरिक, मुलांनो, आणि आजचे सत्कारमूर्ती चिमाजीराव, सर्वांना पासलीच्या कोंडिबाचा रामराम.

मी सत्कारमूर्तींचा थोरला भाऊ. शाळा तिसरीपर्यंत. कागदावर लिहून आणलंय, पण अक्षर लवकर लागत नाही, तेव्हा मागंपुढं होईल. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिलीत. साहेब, घड्याळाकडं बघू नका.

हेडमास्तरांनी आत्ता सांगितलं, बावीस वर्षांत आमच्या चिमाजीनं, म्हणजे तुमच्या ड्रिलमास्तरांनी, एकाही मुलाचं नाव पटावरून परस्पर कमी होऊ दिलं नाही. मूल आठ दिवस आलं नाही की स्वतः चालत त्याच्या गावी जायचे आणि अंगणातून हाक मारायचे, "गड्या, मेलास का जिता हायस? जिता असशील तर भाईर ये!" तुम्ही हसलात, टाळ्या वाजवल्यात. माझे हात उचलले नाहीत. का उचलावेत? यांचंच नाव मी जित्या माणसांतून काढलं होतं.

पहिल्या जर्मन लढाईत चिमाजी पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याकडं गेला. मग पलटणीचा कागद आला की माणूस सापडत नाही. मेला असं त्यात नव्हतं. भटजी म्हणाले, "कोंडिबा, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची. त्याआधी क्रिया करू नकोस." आमची आई धोंडाबाई तर रोज त्याचं ताट वाढायची.

मी दोन वर्षं थांबलो. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. माझी दोन लेकरं चार दिवसांत गेली. देवऋषी म्हणाला, "तुझ्या घरचा एकजण उपाशी भटकतोय, तोच वढून न्हेतोय." सभाजनहो, तिसरं लेकरू तापानं फणफणलेलं असताना तुम्ही काय केलं असतंत? मी चिमाजीच्या नावानं दर्भाचा माणूस केला आणि ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला. आई माझ्या पाठीत बुक्क्या मारत होती. "जित्या लेकराला जाळतुयास, कोंड्या!"

तिसरं लेकरूही गेलंच.

चिमाजीची बायको बनाबाई, तिचं कुंकू मी पुसायला लावलं. फाल्गुनात माहेरच्यांनी तिचा उत्रोलीला दुसऱ्या घरी पाट लावून दिला. पोर वीस वर्षांची. तिचा काय दोष?

आणि ज्येष्ठात चिमाजी आला. तुर्कांच्या कैदेतून सुटून, वेल्ह्यापासून चालत. अंगावर नुसती हाडं. अंगणातून म्हणाला, "दादा, पानी दे. आन् बना कुठं हाय?"

तांब्या मी लांबूनच पुढं केला आणि उंबऱ्यात आडवा उभा राहिलो. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला नव्यानं जन्मलेला धरायचं, न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मगच घरात घ्यायचं, अशी रीत. घरात तीन मरणं झालेली. मला भीती वाटत होती. म्हणालो, "आदी इधी, मग उंबरा."

तो हसला. "आन् पाळन्यात कोन घालनार मला? पाय भाईर येत्याल की, दादा."

मला वाटलं, चेष्टा करतोय म्हणजे ऐकेल. आतून आई ओरडली, "कोंड्या, सर बाजूला!" मी सरलो नाही. तेवढ्यात शेजारच्या बाईनं बनाबाईचं सांगून टाकलं. चिमाजीनं तांब्या न पिता खाली ठेवला आणि आल्या वाटेनं भोर गाठलं.

बावीस वर्षं झाली. आई वारली तेव्हा आला, पण ओढ्यापलीकडंच उभा राहिला. मी दर दिवाळीला या शाळेच्या फाटकाशी येतो. "दादा, बरा हायेस?" एवढंच तो विचारतो. भांडला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला झोप तरी लागली असती.

आजपासून त्याची नोकरी संपली, उद्या सकाळच्या मोटारीनं तो पुण्याला निघालाय. तिथं पलटणीतल्या एका सोबत्याच्या पडवीत राहणार. मघाशी हार घालताना त्याचा खोकला तुम्ही ऐकलात. त्या पडवीत त्याला पाणी कोण देणार? पासलीत माझी बायकोही आता नाही. चूल मी पेटवतो आणि चुलीशीच बोलतो.

अध्यक्षसाहेब, बाही ओढू नका, संपवतोच.

चिमाजी, खाली का बघतोयस? विधी नको, बारसं नको, काही नको. भाऊकी वाळीत टाकील म्हणतात. टाकू दे! बाहेर बैलगाडी आणलीय. तुला हिसके बसू नयेत म्हणून पेंढा पसरलाय. घरात तू पुढं हो, मी मागून येतो. नाहीतर मी बाहेरच बसतो, पण तू आत जा.

समितीनं मला बोलायला उभं केलं, मोठे उपकार झाले. म्हाताऱ्याच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर सभेनं पोटात घालावं. चिमाजी, तू घालू नकोस. मला माफ करू नकोस. फक्त गाडीत बस.